शेतीला जोड : जिवंत बांगड्याला गळ कसा टोचावा?

भात झोडून घरात आले, की कोकणपट्टीत ज्यांच्या दारी होडी आहे ते सुरमईच्या मागे लागतात. चालत्या होडीमागे जिवंत बांगडा ओढणे ही सुरमईची चांगली युक्ती. पण बांगडाच लवकर मेला तर इंधनाचा खर्च अंगावर पडतो. तेव्हा आज एवढाच विचार करू.

बांगडा हा सतत पोहणारा मासा. पुढे जाताना पाणी तोंडातून आत शिरते व कल्ल्यांवाटे बाहेर पडते. तोच त्याचा श्वास. हे ध्यानात ठेवले, की पुढचे सारे सोपे.

१) साठवण : चौकोनी डब्यात मासा कोपऱ्यावर आपटतो. गोल पिंप घ्या, सावलीत ठेवा, दाटी करू नका. समुद्राचेच पाणी वरचेवर बदला. मासा ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

२) गळ टोचणे : पुढचा गळ दोन्ही नाकपुड्यांमधून आडवा काढा. डोळ्याला व कल्ल्याला धक्का लागू देऊ नका. अशाने तोंड उघडे राहते आणि मासा डोके पुढे करून पोहतो. पाठीत टोचून ओढलात तर तो आडवा होऊन गरगरतो, दोरीला पीळ पडतो.

३) मागचा गळ : सुरमई पुष्कळदा शेपटाकडचा भाग तोडून नेते. म्हणून तीन काट्यांचा लहान गळ पाठीच्या मागील भागात कातडीखाली हलकेच अडकवा. दोन गळांमधली तार थोडी सैल हवी. ताणली तर बांगडा वाकतो. साधी दोरी सुरमईच्या दातांपुढे टिकत नाही, म्हणून गळाजवळ तारच वापरा.

४) वेग : माणूस सावकाश चालतो तेवढाच. बांगडा पाण्यावर घसरू लागला की वेग कमी करा. मेलेला बांगडा खेकड्यांच्या सापळ्याला लावा.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. मोठा मासा लागला असता तार किंवा दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. क्षणात बोट तुटते. सुरमई पुन्हा मिळेल, बोट मिळणार नाही. मुले सोबत असतील तर त्यांना गळापासून दूर बसवा, आणि होडीतील प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट असू द्या.