शेवटचं कडवं कापलं कुणी?

मराठी डीजे रिमिक्सची कुठलीही फाइल उघडा. पहिल्या दहा सेकंदांत एक जड, घुमवलेला आवाज रिमिक्स करणाऱ्याचं नाव सांगतो. मग बीट सुरू होतो. मुखडा संपला की पुन्हा तेच नाव. ड्रॉपच्या आधी पुन्हा. एका साडेतीन मिनिटांच्या फाइलमध्ये मी मोजलं, अकरा वेळा. ज्याचा आवाज या सगळ्याच्या मधोमध गात होता त्याचं नाव एकदाही नाही. फाइलच्या नावात नाही, खालच्या वर्णनात नाही. ज्यानं ते गाणं लिहिलं त्याची तर बातच सोडा.

माझं भांडण या अकरा-शून्यशी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण रिमिक्सविरुद्ध कुणी तोंड उघडलं की ‘जुन्या गाण्यांची वाट लावली हो यांनी’ म्हणणारी मंडळी लगेच खांद्यावर हात टाकायला येतात. त्यांचा हात मला नको आहे. गाण्याची चाल बदलणं, ठेका बदलणं, एकाच्या ओळीत दुसऱ्याची ओळ मिसळणं हे आपल्याकडे लॅपटॉपनं आणलेलं नाही. एकच अभंग वारीत पखवाजावर वेगळा वाजतो, भीमसेन जोशींच्या मैफलीत वेगळा, शाळेच्या प्रार्थनेत आणखी वेगळा. कीर्तनकार मधेच थांबतो, दुसऱ्याच संताचं प्रमाण देतो, पुन्हा मूळ ओळीवर येतो. हे रिमिक्स नाही तर काय आहे?

पण त्या सगळ्या मोडतोडीत एक गोष्ट शाबूत राहते. शेवटच्या कडव्यात ‘तुका म्हणे’ येतं. नामा येतो, चोखा येतो, जनी येते. लावणीत होनाजी, रामजोशी, परशराम, सगनभाऊ येतात. ज्या काळी कॉपीराइटचा कायदा नव्हता, छापखाना नव्हता, त्या काळी या लोकांनी शोधलेली ही युक्ती आहे: आपलं नाव ओळीच्या मापातच बसवून टाकायचं, म्हणजे ते काढायचं तर ओळ मोडावी लागेल. चाल तुझी, गळा तुझा, ठेका तुझा, पण नाव माझं. सातशे वर्षं ही युक्ती चालली. विसाव्या शतकात वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) तीच चालवली. हजारो गाणी लिहिलेला हा माणूस, आणि त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटी ‘वामन’ उभा असतो.

आता रिमिक्समध्ये काय होतं ते बघा. डीजेला मुखडा लागतो, हुक लागतो, फार तर पहिल्या अंतऱ्याच्या दोन ओळी. गर्दीला नाचतं ठेवायचं तर दोन-अडीच मिनिटांत पुढचं गाणं आलं पाहिजे. म्हणजे सगळ्यात आधी कात्री कुठे लागते? शेवटच्या कडव्याला. सातशे वर्षं जी जागा कवीनं आपल्या नावासाठी राखून ठेवली होती, नेमकी तीच जागा टाइमलाइनवरून डिलीट होते. कुणाचा दुष्टपणा नाही यात. फॉरमॅटच तसा आहे. पण मग त्या नावाला दुसरीकडे कुठेतरी जागा देण्याची जबाबदारी फॉरमॅट वापरणाऱ्यावर येते की नाही?

ज्या डान्स म्युझिकची नक्कल आपण करतो त्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन डिस्कोची गाणी लांबवून, कापून, पुन्हा जोडून द्यायचा. आज आपण रिमिक्स म्हणतो त्याची घडण बरीचशी त्याच्या हातची. रेकॉर्डवर मूळ कलाकाराचं नाव असायचं आणि त्यासोबत ‘अ टॉम मोल्टन मिक्स’ असा शिक्का. तिथून पुढे हाउस, टेक्नो, ड्रम अँड बेस सगळीकडे तोच शिरस्ता पडला: आधी मूळ कलाकार, मग गाण्याचं नाव, मग कंसात रिमिक्स करणाऱ्याचं नाव. रिमिक्सरची जागा कंसात. कंसात असणं हा अपमान नव्हता. त्या कंसाच्या जोरावर लोकांनी अख्खं करिअर उभं केलं.

तिकडे सगळे साधुसंत होते असंही नाही. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ नावाच्या बँडनं एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ हे गाणं भरलं. त्यात सहा-सात सेकंद बाकीचे सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. हिप-हॉपनं ते सेकंद उचलले, जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार तर त्यांच्यावरच उभे राहिले. हजारो गाण्यांत तो तुकडा आहे. तुम्ही तो ऐकलेला आहे, हे मी तुम्हाला न ओळखता सांगू शकतो. कोलमन २००६ साली अटलांटात बेघर अवस्थेत वारला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी २०१५ साली ब्रिटनमधल्या डीजेंनी लोकवर्गणी काढली, चोवीस हजार पौंड जमले. तीसेक वर्षांच्या वापराचं तेवढंच. पण ती वर्गणी निघू शकली, कारण नाव माहीत होतं. शोधायला गेलं तर माणूस सापडत होता.

आणि एक किस्सा आपल्या बाजूचा. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाजलं. त्यात लता मंगेशकरांचा आवाज सरळ वाजत होता; १९८१ च्या ‘ज्योती’ सिनेमातल्या, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेल्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा. परवानगी नाही, नाव नाही. लाहिरी कोर्टात गेले. लॉस एंजेलिसच्या कोर्टानं सांगितलं, यांचं नाव घातल्याशिवाय सीडी विकायची नाही. पैशाचं काय ते नंतर, आधी नाव. डॉ. ड्रेच्या लेबलला जे मुकाट्यानं ऐकावं लागलं ते आपल्या गल्लीतल्या चॅनेलला ऐकवायचं कुणी? ज्यानं हलगी वाजवली तो काही वकील घेऊन येणार नाही.

मग कुणी म्हणेल, मराठीत ही संस्कृतीच नाही. साफ खोटं. गेल्या काही वर्षांतली नवी गाणीच बघा. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं. हाउसच्या बीटवर अस्सल मराठी, आणि कलाकारांच्या जागी दोन नावं: ज्यानं बीट केला तो आणि ज्याच्या तोंडचे शब्द तो. त्याच वर्षी संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’नं रील्सवर धुमाकूळ घातला, आणि संगीत करणाऱ्या जी-स्पार्कचं नाव संजूच्या नावाला चिकटूनच फिरलं. त्याच्या आधी मुंबईच्या ‘स्वदेशी’ या टोळीनं आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्यात आरेतले आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ‘पारंपरिक आदिवासी गीत’ अशी गोलमाल पाटी लावून ते सहज सुटले असते. लावली नाही. फीचरिंग म्हणून नाव दिलं, जसं एका रॅपरनं दुसऱ्या रॅपरचं द्यावं. म्हणजे पोरांना हे येतं. येत नाही ते फक्त जुन्या आवाजाच्या बाबतीत, कारण जुना आवाज कमेंटमध्ये येऊन भांडत नाही.

या ‘पारंपरिक’वर जरा थांबतो. मराठी संगीतातला सगळ्यात महागडा शब्द हा आहे. तो लिहिला की कुणालाच काही द्यावं लागत नाही. खरोखर पारंपरिक गाणी असतात. ओव्या, भलरी, भोंडल्याची गाणी. पण ज्यांचा कवी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जिवंत होता, ज्याची पुस्तिका जत्रेत विकली जात होती, ज्याचं घर कुठल्या गावात आहे हे तिथला कुणीही सांगेल, त्यांची गाणीही या शब्दाखाली पुरली गेली. आणि हे पाप डीजेंचं नाही. कॅसेटच्या जमान्यात ज्यांनी एकदाच पैसे देऊन गाणी भरून घेतली, आणि आज ज्यांच्याकडे त्या आवाजाचे हक्क आहेत, त्यांनी यूट्यूबवर गाणी चढवताना कवीचा रकाना भरायचे कष्ट घेतले नाहीत. एकोणीस वर्षांचा रिमिक्सर ती फाइल उतरवतो. त्याला नाव मिळणार कुठून? प्रल्हाद शिंदेंचा आवाज तरी लोक ओळखतात. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं दोन्ही ज्या गळ्यातून आली तो गळा लपत नाही. पण त्यांच्या मागे ढोलकीवर कोण होतं? ज्या ठेक्याचा लूप काढून तू ट्रॅक उभा केलास तो ठेका कुणाच्या हातचा?

कायदा काय म्हणतो? २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ३८-ब कलम आलं. गायक-वादकाला ‘हे मी गायलंय, मी वाजवलंय’ अशी ओळख मागण्याचा हक्क त्यात आहे, आणि रेकॉर्डिंगचा हक्क विकून टाकला तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. कवीला तसाच हक्क कलम ५७ देतं. मात्र ३८-ब मध्ये एक फट ठेवलेली आहे: वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तर चालेल. मला ही फट वाचून हसू येतं. साडेतीन मिनिटांत रिमिक्स करणाऱ्याचं नाव अकरा वेळा बसतं, तिथे वापराच्या पद्धतीमुळे दुसरं नाव बसत नाही, हे कुठल्या कोर्टाला पटवणार?

आता समोरच्याची बाजू. डीजे मित्र मला सांगतात, ‘दादा, नाव लिहिलं की कंपनीला सापडतो, स्ट्राइक येतो.’ हा युक्तिवाद ऐकायला खरा वाटतो. पण यूट्यूबचं कंटेंट आयडी शीर्षक वाचत नाही, आवाज ऐकतं. फाइलच्या ठशाशी ठसा जुळवतं. तू गाण्याला ‘ट्रेंडिंग हलगी मिक्स’ असं नाव दे नाहीतर गायकाचं अख्खं चरित्र लिही, क्लेम यायचा तर येणारच. नाव लपवून तू कंपनीपासून वाचत नाहीस. लपतो तो फक्त गायक.

दुसरी बाजू जास्त खरी आहे. रिमिक्सर हा काही लुटारू शेठ नाही. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे येतच नाही, येते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. डीजे लागला, डीजे बंद केला, डीजेवर गुन्हा दाखल झाला. त्या भिंतीआड एक पोरगा असतो, कुठल्यातरी तालुक्याच्या गावचा, भावाच्या जुन्या लॅपटॉपवर रात्रभर बसणारा. जयंतीचा, गणपतीचा, लग्नांचा सीझन संपला की त्याला कुणी विचारत नाही. त्याला स्वतःचं नाव ओरडून सांगावंसं वाटतं यात मला काहीच गैर वाटत नाही. उलट त्याच्याकडून दुसरे डीजे फाइल घेतात, त्याचा टॅग कापतात आणि आपला चिकटवतात. मग तो स्टेटस टाकतो: मेहनत आमची, नाव तुमचं, लाज वाटू द्या. बरोबर आहे भावा. हेच वाक्य तुझ्या ट्रॅकमधला गायक तुला म्हणू शकत नाही, कारण तो कधीच गेला.

आणि हे सगळं आता घाईचं झालंय. पूर्वी जुन्या गाण्यातून नुसता गळा वेगळा काढणं जवळजवळ अशक्य होतं. मागची पेटी, ढोलकी, कोरस सगळं सोबत यायचं, आणि त्या खरखरीवरून निदान कळायचं की हे कुठल्यातरी जुन्या कॅसेटमधलं आहे. २०१९ मध्ये डीझरनं ‘स्प्लीटर’ हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. आता अशी कितीतरी आहेत, फोनवरसुद्धा चालतात. मिनिटभरात गळा एकीकडे, वाद्यं दुसरीकडे. स्वच्छ, सुटा, बेवारस आवाज. तो रीलवर चढतो तेव्हा इन्स्टाग्राम खाली लिहितं ‘ओरिजिनल ऑडिओ’ आणि पुढे चढवणाऱ्याचं नाव. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या आवाजाचा ओरिजिनल मालक म्हणून काल रात्री अकाउंट उघडलेला मुलगा. तुम्ही त्यावर रील करता, तुमचा मित्र करतो, आणि त्या गाण्याचा शोध घेत कुणी निघालाच तर त्या मुलाच्या प्रोफाइलवर जाऊन थांबतो.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे, आणि ती पैशाची नाही. पैशाचं भांडण कंपन्यांशी आहे आणि ते वेगळं भांडावं लागेल. शीर्षकात आधी गायक आणि गाणं, मग कंसात तू. वर्णनाच्या पहिल्या ओळीत कवी आणि संगीतकार. माहीत नसेल तर ‘पारंपरिक’ लिहू नकोस, ‘कवी कोण, माहीत असेल तर सांगा’ असं लिही. खाली कुणाची तरी नात येऊन सांगेल. मराठी कमेंटबॉक्समध्ये शिव्या सोडून एवढं तरी नक्की घडू शकतं.

आणि तो घुमणारा टॅग काढूही नकोस. त्यात एक नाव वाढव. तुझं अकरा वेळा येतं ना, दहा वेळा येऊ दे. अकराव्या जागी, ड्रॉपच्या बरोबर आधी, जिथे सगळा बीट थांबतो आणि गर्दी हात वर करून वाट बघते, त्या दोन सेकंदांत ‘वामनदादा कर्डक’ एवढंच. १४ एप्रिलच्या फाइली मार्चमध्येच बनायला लागतात. वेळ भरपूर आहे.