मार्गदर्शिकेचा अभिप्रेत वाचक

एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी आपला लघुप्रबंध संगणकावर कसा सिद्ध करावा हे सांगणारी बारा पानांची एक पुस्तिका आम्ही दोघांनी काही वर्षांपूर्वी लिहिली. त्यासाठी लिब्रेऑफिस निवडले, कारण ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, विनामूल्य मिळते आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. पुस्तिका मात्र एकाच प्रकारच्या संगणकावर चालत होती. तो प्रकार आमच्या टेबलावरचा होता.

‘टूल्समध्ये जाऊन ऑप्शन्स उघडा’ असे आम्ही पहिल्याच पानावर लिहिले होते. मॅकवर ही सोय टूल्समध्ये नसते. तिथे लिब्रेऑफिस याच नावाच्या मेनूत जाऊन प्रेफरन्सेस उघडावे लागते. देवनागरीसाठी भाषेची जुळणी तिथूनच करायची असल्याने मॅक वापरणारी आमची एक विद्यार्थिनी आरंभीच अडली. ‘मंगल फाँट निवडा’ हे वाक्य त्याहून घातक ठरले. मंगल विंडोजबरोबर येतो; प्रयोगशाळेतील लिनक्सच्या संगणकांवर तो नव्हता. फाँट नसला की लिब्रेऑफिस मुकाट्याने दुसरा योजते. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, पाने वाढतात. घरी केलेला प्रबंध एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत उघडून तसाच छापला, आणि त्याच्या अनुक्रमणिकेतील पृष्ठांक आतील प्रकरणांशी जुळेनात. त्याने ती आपलीच चूक मानली. आम्ही ती आमच्या गद्याची मानतो.

वोल्फगांग इझरची अभिप्रेत वाचकाची संकल्पना आम्ही वर्गात शिकवतो. संहिता आपल्या वाचकाची एक जागा आधीच आखून ठेवते, हे कादंबरीच्या संदर्भात सांगताना आम्हांला अडचण येत नाही. ‘उंदराचे उजवे बटण दाबा’ या वाक्यातही असा वाचक दडलेला आहे, हे मात्र ध्यानात आले नव्हते. त्याच्यापाशी दोन बटणांचा उंदीर आहे, त्याचा संगणक आमच्यासारखा आहे, त्याचे मेनू इंग्रजीत आहेत. ज्याने मेनू मराठीत करून घेतले, त्याला आमची इंग्रजी नावे शोधून सापडणार नव्हती. मराठीच्या प्राध्यापकांच्या हातून हे घडावे, ही गोष्ट जरा खजील करणारी आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हा प्रश्न जुना आहे. १९८५ साली प्रथम प्रसृत झालेल्या जीएनयू ईमॅक्सच्या पुस्तिकेत ‘मेटा’ नावाची एक कळ पदोपदी येते. आजच्या बहुतेक कळफलकांवर या नावाची कळच नाही. सामान्यतः तिचे काम ऑल्ट करते, मॅकवर ऑप्शन; दोन्ही नसतील तर आधी एस्केप दाबून पुढची कळ दाबावी. यंत्रे बदलली तरी पुस्तिकेतील वाक्ये टिकून राहिली, हे या युक्तीचे यश. पण नवागताला पहिला धडा शिकण्याआधी एक पारिभाषिक कोश शिकावा लागतो, आणि आमचा अनुभव असा की विद्यार्थी कोशापाशीच पुस्तिका मिटतो.

लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिकांनी दुसरी वाट धरली. मजकूर विंडोज व लिनक्सला धरून लिहायचा आणि मॅकवरील भेदांचा तक्ता आरंभी द्यायचा : कंट्रोलच्या जागी कमांड, उजव्या बटणाऐवजी कंट्रोल दाबून क्लिक, शैलींची चौकट उघडण्यासाठी एफ ११ ऐवजी कमांड व टी. ही तडजोड आहे, आणि तीत मॅकवाला वाचक पाहुणा ठरतो हे उघड आहे. तरीही आम्हांला ती अधिक प्रामाणिक वाटते. तटस्थतेच्या नावाखाली ‘योग्य तो पर्याय निवडावा’ अशी वाक्ये लिहिणे हा तर निव्वळ पळ काढण्याचा प्रकार झाला. ते वाक्य कोणत्याही संगणकावर खोटे ठरत नाही, आणि कोणत्याही संगणकावर उपयोगीही पडत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत आम्ही मुख्य वाक्यात हेतू ठेवला आणि हाताची हालचाल तक्त्यात नेली. ‘मंगल निवडा’ याऐवजी आता असे आहे : ‘देवनागरीचा कोणताही युनिकोड फाँट निवडा, आणि प्रबंध दुसऱ्या संगणकावर नेण्यापूर्वी तो फाइलमध्ये अंतर्भूत करा.’ वाक्य लांबले. पण फाँट का सांभाळायचा हे त्यातून कळते, आणि कारण कळले की नाव वेगळे असले तरी विद्यार्थी वाट काढतो. लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिका मुक्त परवान्याखाली असल्याने त्यांतील तक्ता घेऊन त्यात मराठी मेनूंचा स्तंभ घालायला कोणाची अनुज्ञा मागावी लागली नाही. साहित्याच्या पाठ्यपुस्तकांबाबत अशी मुभा आम्ही अद्याप अनुभवलेली नाही, हे जाता जाता.

एका पानाला मात्र फारसा हात लावावा लागला नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद टंकलेखनात कसा राखावा, हे सांगणारे ते पान. इनस्क्रिप्टच्या मराठी कळफलकावर र च्या कळीवरच शिफ्टसह ऱ मिळतो, मग हलन्त, मग य; हे विंडोजवर तसेच लिनक्सवरही. फक्त इंग्रजीतून मराठीत जाण्याची कळ निरनिराळी असल्याने ती तक्त्यात गेली. मॅकच्या स्तंभात ऱ पुढचा रकाना आम्ही अजून कोरा ठेवला आहे. पुढच्या जूनमध्ये वर्गात कोणाकडे मॅक असेल, तर त्याच्याकडूनच तो भरून घेऊ.