फेराचे धनी कोण?

लोकनृत्य म्हटले की सत्ताधाऱ्यांना पाहुण्यांच्या स्वागताचा कार्यक्रम आठवतो आणि आपल्यातील काही तर्ककर्कश साथींना सरंजामी समाजाचे अवशेष. नाचणारा माणूस या दोन्ही दृष्टींतून सारखाच निसटतो. तो मुळात का नाचतो, कोणाबरोबर नाचतो आणि त्याच्या नाचावर हक्क कोणाचा, हे प्रश्न राजकीय आहेत. क्रोएशियातील खेडुतांच्या कलापथकांचा शंभर वर्षांचा इतिहास त्यासाठी तपासण्याजोगा आहे.

युगोस्लाव्हिया हे नाव आपल्या वाचकांना टिटो, १९६१ ची बेलग्रेड परिषद आणि कारखान्यांतील कामगारांचे स्वयंव्यवस्थापन यांमुळे परिचित आहे. त्याच देशाच्या क्रोएशिया या घटकात, झाग्रेब शहराच्या दक्षिणेस, सावा नदीच्या खोऱ्यात तुरोपोल्ये नावाचा सपाट मुलूख आहे. तेथील बुशेवेत्स या गावच्या कलापथकाचे नाव आजही ‘सेल्याच्का स्लोगाची शाखा’ असेच आहे. सेल्याच्का स्लोगा म्हणजे शेतकऱ्यांचे ऐक्य. ही शाखा १९२० सालची. नाचगाण्याच्या मंडळाला असे नाव का असावे, याचे उत्तर शेतकरी चळवळीत सापडते.

आंतुन आणि स्त्येपान या राडिच बंधूंनी १९०४ साली क्रोएशियात शेतकऱ्यांचा पक्ष काढला. आंतुन हे लोकजीवनाचे अभ्यासक. गावोगावची घरे, अवजारे, गाणी, चालीरीती यांची माहिती कशी गोळा करावी याची विस्तृत प्रश्नावली त्यांनी १८९७ सालीच सिद्ध केली होती. शेतकऱ्याची संस्कृती ही शहरी संस्कृतीची अडाणी धाकटी बहीण नसून स्वतंत्र व तुल्यबळ संस्कृती आहे, हा त्यांचा सिद्धान्त होता. सेल्याच्का स्लोगा ही संघटना १९२० साली याच विचारातून, आंतुन यांच्या निधनानंतर उभी राहिली. साक्षरतेचे वर्ग, वाचनालय, नाटक, गायनवृंद हे सारे एकाच शाखेत चाले. अक्षरे शिकायला आलेला तरुण संध्याकाळी तेथेच गायला थांबे.

१९२६ पासून या शाखांचे महोत्सव भरू लागले. आरंभीच्या महोत्सवांत एक विलक्षण गोष्ट दिसली. शहरात येताना खेडुतांचे गायनवृंद शहरी संगीतकारांनी रचलेली गाणी बसवून आणत. आपले स्वतःचे गाणे व्यासपीठावर म्हणण्याजोगे आहे यावर त्यांचाच विश्वास नव्हता. सांस्कृतिक गुलामगिरीचे याहून बोलके उदाहरण कोणते असणार? पुढे, १९३५ नंतरच्या पर्वात दंडक झाला की प्रत्येक गावाने आपलेच गाणे, आपलाच नाच, आपलाच पेहराव घेऊन यावे. मिलोवान गवाझी यांच्यासारखे लोकसंस्कृतीचे अभ्यासक या कामी सल्लागार होते.

या दंडकाने खेड्यांना आत्मसन्मान दिला, हे निःसंशय. परंतु त्याच क्षणी ‘अस्सल काय’ हे ठरविण्याचा अधिकार झाग्रेबच्या तज्ज्ञांकडे गेला. नवे वाद्य, बाजारातले कापड, नुकतीच आलेली चाल यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. शेतकऱ्याने आपली संस्कृती जपावी, पण ती बदलू नये, असा हा अजब सन्मान होता. पुढील अनर्थाचे बीज मला येथे दिसते.

या संघटनेचे वजन राज्यकर्त्यांनी मात्र बरोबर ओळखले होते. स्त्येपान राडिच यांच्यावर जून १९२८ मध्ये बेलग्रेडच्या संसदेतच गोळ्या झाडण्यात आल्या आणि ऑगस्टमध्ये त्यांचा मृत्यू झाला. १९२९ च्या जानेवारीत राजा अलेक्झांडरने हुकूमशाही पुकारली आणि त्याच वर्षी संघटनेवर बंदी आली. १९४१ मध्ये उस्ताशा फासिस्टांनीही तिचा गळा दाबला. निरुपद्रवी करमणुकीवर कोणी दोनदा बंदी घालत नाही.

१९४५ नंतर साम्यवादी राजवटीने काय केले, हा आपल्या चिंतेचा विषय असला पाहिजे. संघटना थोडा काळ पुन्हा हलली, पण लवकरच शासनमान्य सांस्कृतिक मंडळांच्या व्यवस्थेत विरून गेली. १९४९ साली झ्वोनिमिर ल्येवाकोविच यांच्या नेतृत्वाखाली ‘लादो’ हे सरकारी व्यावसायिक पथक झाग्रेबमध्ये स्थापन झाले. त्याची कलात्मक गुणवत्ता मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण आता क्रोएशियाचा नाच म्हणजे लादोचा नाच, असे समीकरण झाले. शहरोशहरीची मंडळे देशभरचे नाच शिवलेल्या पोशाखांत सादर करू लागली. बंधुत्व आणि ऐक्य ही घोषणा नाचून दाखवता येऊ लागली. गावातील शाखेत तिच्यावर वाद घालण्याची जागा मात्र उरली नाही. १९६६ पासूनच्या झाग्रेबच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात खेड्यांची पथके पुन्हा व्यासपीठावर आली. पण आली ती निमंत्रित म्हणून.

१९९१ मध्ये देश फुटला आणि या पोकळीची किंमत कळली. तंबुरित्सा हे तुर्की अमलात त्या मुलखात रुजलेले तंतुवाद्य. आपल्या तंबोऱ्याशी त्याचे नावाचे नाते आहे. क्रोएशियाच्या स्लावोनियात ते वाजते, तसेच सर्बियाच्या वोयवोदिनात सर्ब वादकांच्या हातीही वाजते. कोलो हा फेरही दोघांचा. तरीही नव्वदीच्या दशकात तंबुरित्सा केवळ क्रोएशियन राष्ट्राचे चिन्ह बनवली गेली आणि तिच्यावर युद्धकाळातील देशभक्तिपर गाणी घुमू लागली. राष्ट्रवाद्यांना हे इतके सुलभ का झाले? कारण सत्तेने ते वाद्य धन्यांच्या हातून काढून आधीच व्यासपीठावर नेऊन ठेवले होते. तेथून ते उचलायला फारसे श्रम पडत नाहीत.

तुरोपोल्येच्या बाजूस द्र्मेश नावाचा नाच आहे. चारसहा माणसे एकमेकांच्या पाठीमागे हात गुंफून लहानसा घट्ट फेर धरतात आणि सारे अंग थरथरवत गिरक्या घेतात. प्रेक्षकांना यात फक्त पाठी दिसतात, कारण नाचणारे एकमेकांकडे पाहत असतात. व्यासपीठासाठी हा फेर उघडावा लागतो.

आज तो फेर भरण्याचीच पंचाईत आहे. २०११ च्या जनगणनेत क्रोएशियाची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ८५ हजार होती, २०२१ मध्ये ती ३८ लाख ७२ हजारांवर आली. २०१३ साली युरोपीय संघाची दारे उघडल्यावर तरुण जर्मनीत आणि आयर्लंडमध्ये मजुरीला गेले. लोककलेच्या गौरवात कसूर नाही : दाल्मेशियाच्या डोंगराळ भागातील वाद्याविना नाचला जाणारा मूक फेर २०११ साली युनेस्कोच्या यादीत गेला. पण तरुणाला गावात राहता येईल असा रोजगार कोणत्याही यादीतून मिळत नाही, आणि शाखेच्या १९२० च्या कार्यक्रमात नाचाच्या शेजारी असलेला शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आज व्यासपीठाच्या निवेदनात कोणी उच्चारत नाही.