नान खलिया तुघलकाचा की शहराचा?

छत्रपती संभाजीनगरात बाहेरच्या पाहुण्याला नान खलिया खाऊ घालताना सोबत एक गोष्टही हमखास सांगितली जाते. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, तिचे नाव दौलताबाद केले. सोबतच्या फौजेसाठी देगांत मटण शिजले, तंदूर पेटले आणि हा पदार्थ जन्माला आला. गोष्ट चविष्ट आहे. पण खलियावर तरंगणारी लाल तर्रीच तिला दुजोरा देत नाही.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारतात आले, त्यानंतर ती इथे पोहोचली. तुघलकाच्या आचाऱ्यांनी मिरची पाहिलेलीच नव्हती. खुद्द हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. मांस शिजवण्याची रीत उत्तरेतून आली असेलही. आजची चव मात्र दख्खनची.

अशीच गत अमेरिकेतल्या मॅनिकोट्टीची. पास्त्याच्या जाड नळ्यांत रिकोटा चीज भरायचे, वर टोमॅटोचा सॉस ओतायचा आणि भट्टीत भाजायचे. अमेरिकेतल्या इटालियन घरांतला हा रविवारचा बेत. इटलीत मात्र मेन्यूवर सापडेल ती कॅनेलोनी. १८८० नंतरच्या चार दशकांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले, बहुतेक गरीब दक्षिणेतले. गावाकडे सणासुदीलाच मिळणारे चीज आणि मांस तिथे परवडू लागले. ताट बदलले, उच्चारही बदलला. 'द सोप्रानोज' या गाजलेल्या मालिकेतली न्यू जर्सीची मंडळी शेवटचा स्वर गिळून 'मॅनिगॉट' म्हणतात. रोमच्या माणसाला ते कदाचित कळणारही नाही. म्हणून तो पदार्थ नकली ठरत नाही. (सॉसमधला टोमॅटोही अमेरिका खंडातूनच इटलीत गेलेला, हे वेगळेच.)

मग संभाजीनगरलाच सुलतानाच्या शिक्क्याची गरज का वाटावी? वेरूळ-अजिंठा पाहायला आलेला पर्यटक तुघलकाचे नाव ऐकून परततो. लग्नाच्या दावतीत शेकडो माणसांची देग उतरवणारा आचारी कोण, मसाला कधी पडतो, तर्री वर कशी येते, हे त्याला कुणी सांगत नाही. ही माहिती बहुतांशी तोंडी चालत आलेली, हातागणिक बदलणारी. सातशे वर्षांपूर्वीचा स्वयंपाक आता कुणाला विचारता येणार नाही. देगेजवळ उभ्या असलेल्या आचाऱ्याला मात्र आजही विचारता येते.