तोल हाही सरावाचाच

ठाण्याच्या संयुक्ता काळे हिने जून २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये ५ सुवर्णपदके मिळविली. एका पायावर स्थिर राहण्याचे हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाचे फळ असते. डोळे, अंतर्कर्ण आणि पायांच्या संवेदना मिळून शरीराचा तोल सांभाळतात. वयोमानाने त्या मंदावतात. तरीही सरावाने तोल उतारवयातही सुधारतो.

पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून पाय घसरला, तर खुब्याचे हाड मोडू शकते. म्हणून रोज ओट्याला धरून एकेका पायावर १० सेकंद उभे राहावे. घरच्यांनी शेजारी थांबावे. चक्कर येत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. ‘पडाल, बसून राहा’ असे मात्र ज्येष्ठांना म्हणू नये. बसून पाय अधिकच दुबळे होतात.