समुद्र कुणाला निवडत नाही

आधीच सांगून टाकतो, ‘मोआना’ मला मनापासून आवडतो. गाणी मस्त, आणि पाण्याचं ॲनिमेशन तर निव्वळ अफलातून! २०१६ मध्ये तो आला तेव्हा त्यावरून बरीच भांडणं झाली. माउई एवढा अगडबंब का दाखवला, हे एक. दुसरं म्हणजे त्याची गोंदलेली तपकिरी कातडी मुलांच्या अंगात घालायचा पोशाख म्हणून विकायला काढली. (डिस्नेने तो नंतर मागे घेतला.) दोन्ही भांडणं रास्त होती. पण माझी तक्रार पोशाखाबद्दल नाही, कथानकाबद्दल आहे.

आणि तक्रारीआधी श्रेय द्यायलाच हवं. पॅसिफिक बेटांवरच्या जाणकारांचा ‘ओशनिक स्टोरी ट्रस्ट’ नावाचा सल्लागार गट या चित्रपटासाठी नेमला होता. संगीतात सामोआत जन्मलेले ओपेताइया फोआई होते. २०१७ मध्ये माओरी भाषेतली आवृत्तीही निघाली. म्हणजे काम वरवरचं नाही.

आता तक्रार कळावी म्हणून थोडासा इतिहास. (झोपू नका, मजा आहे यात.)

सामोआ आणि टोंगाला माणसं साधारण २८०० वर्षांपूर्वी पोचली. मग पूर्वेकडची मोठी झेप हजाराहून जास्त वर्षं थांबली, आणि त्यानंतर काही शतकांतच ताहिती, हवाई, ईस्टर आयलंड, न्यूझीलंड असा प्रचंड पसारा वसला. का थांबले होते, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ‘मोआना’ची कथा याच थांबण्यावर उभी आहे, आणि ही कल्पना झकास आहे.

पण हे लोक पोचले कसे? १९५६ मध्ये अँड्र्यू शार्प यांनी पुस्तक लिहून मांडलं, की एवढी लांबची बेटं ठरवून गाठणं त्यांना शक्यच नव्हतं. वादळात भरकटले, लागले किनाऱ्याला. थोडक्यात काय, तर नशीब! बरं, १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावर तुपाइया नावाचा पुरोहित-नाविक चढला होता, त्याने ७० हून जास्त बेटांचा नकाशा करून दिला होता. तरीही हे म्हणणं पटणारे पुष्कळ निघाले.

मग आपल्या धंद्यातला पुरावा आला. लेव्हिसन, वॉर्ड आणि वेब या तिघांनी वारे आणि प्रवाहांचा डेटा कॉम्प्युटरला घालून भरकटलेल्या होड्यांचे लाखभर प्रवास चालवून पाहिले. १९७३ मध्ये निष्कर्ष छापून आले. हवाई, ईस्टर आयलंड, न्यूझीलंड या टोकांना पॉलिनेशियातून नुसतं वाहत जाऊन पोचण्याची शक्यता जवळजवळ शून्य!

आणि १९७६ मध्ये तर प्रत्यक्षच करून दाखवलं. ‘होकुलेआ’ ही जोड-नौका हवाईहून निघाली आणि सुमारे ४००० किलोमीटर कापून ताहितीला पोचली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. वाटाड्या होते माउ पियाइलुग, मायक्रोनेशियातल्या सातावल बेटाचे. हवाईत ही विद्या जाणणारा कुणी उरलाच नव्हता, म्हणून त्यांना बोलवावं लागलं. कुठला तारा क्षितिजावर नेमका कुठे उगवतो, दुरून येणाऱ्या लांब लाटा नावेला कशा हलवतात, संध्याकाळी पक्षी कुठल्या दिशेने घरी जातात, हे सगळं डोक्यात. गल्लीतलं घर शोधायलाही मॅप उघडणाऱ्या आपल्याला याची कल्पनाच येणार नाही. आजोबांकडून लहानपणापासून शिकलेली ही विद्या मरू नये म्हणून माउ यांनी ती हवाईच्या तरुणांना दिली. १९८० मध्ये त्यांचा शिष्य नाइनोआ थॉम्पसन ताहितीला जाऊन परतही आला, तोही उपकरणांशिवाय.

आता पुन्हा ‘मोआना’कडे. समुद्र तिला लहानपणीच ‘निवडतो’. ती होडीतून पडली की उचलून परत आत ठेवतो. ती माउईच्या बेटावर पोचते कशी? वादळ येतं, होडी उलटते, आणि ती थेट त्याच्या किनाऱ्यावर जाऊन पडते. अहो, ही तर शार्पसाहेबांचीच थिअरी झाली! ज्या म्हणण्याविरुद्ध पॉलिनेशियन लोकांना नौका बांधून समुद्रात घालावी लागली, तेच इथे चमत्कार बनून परत आलं.

तुम्ही म्हणाल, ‘वुई नो द वे’ गाण्यात पूर्वज ताऱ्यांवरून नावा हाकताना दाखवलेत की! मोआनाही माउईकडून शिकते, हाताच्या पंजाने ताऱ्याची उंची मोजते, शेवटी स्वतः होडी हाकते. मान्य. ते गाणं म्हणजे चित्रपटातली सगळ्यात सुंदर मिनिटं. पण कथेचं चाक अडलं की ते हलवतो समुद्रच. आणि २०२४ च्या दुसऱ्या भागात (बघायचा असेल तर पुढचं वाक्य सोडा) ती चक्क अर्धदेव होते. सोबत खलाशी आहेत, वाट शोधणं आहे, पण बक्षीस म्हणून मिळतं काय, तर दैवी शक्ती.

‘मुलांचा सिनेमा आहे, जादू असणारच’ हे उत्तर मला पुरत नाही. जादू असू दे की, राक्षस असू देत, बोलणारा समुद्रही असू दे. पण जादू नेमकी कुठे घातली, हे महत्त्वाचं. या लोकांचं सगळ्यात मोठं कर्तृत्व म्हणजे हा प्रवास, आणि नेमक्या त्याच जागी जादू बसवली. आपण कॅथीड्रल पाहिलं की गवंड्याचं गणित आठवतो. बिगर-युरोपियन माणसाने काही अचाट केलं की मात्र नशीब, देव नाहीतर परग्रहवासी! तुपाइयाच्या नकाशाचं तेच झालं.

सल्लागार असल्यामुळे गोंदणं, नावा, नाच बरोबर आले. पण कथेचा सांधा कुठे जोडायचा, हे शेवटी स्टुडिओच ठरवतो. तिथेच फरक पडतो.

असो. घरी एखादं लहान पोर ‘मोआना’ बघत असेल तर जरूर बघू द्या. फक्त नंतर त्याला होकुलेआचा एखादा व्हिडिओ दाखवा आणि सांगा, इथे समुद्र कुणाला उचलून होडीत ठेवत नव्हता. इथे माणसं रात्र रात्र जागून तारे पाठ करत होती.