बादलीतला पांढरा थर आणि केमिस्ट्रीचं मायनर

मायनर निवडायची तारीख जवळ आली की हॉस्टेलच्या गॅलरीत दरवर्षी एकच चर्चा असते. "तू काय भरलं?" "एआय." "तू?" "डेटा सायन्स." दोन वर्षांपूर्वी मला कोणीतरी विचारलं आणि मी म्हणालो, "केमिस्ट्री." गॅलरीत एकदम शांतता. मग माझा रूममेट, साक्रीकडचा, इलेक्ट्रिकलचा, अहिराणीत म्हणाला, "हाई काय कामनं शे रे भो?"

मित्रांनो, हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. उशिरा, कारण तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर एआयची यादी भरली होती आणि केमिस्ट्रीच्या सरांचा स्वभाव चांगला होता, एवढ्यावर मी सही केली. आमच्या बॅचला जेमतेम नावं जमली म्हणून वर्ग सुरू झाला. यंदा सेकंड इयरची नावं अजून तेवढीही जमलेली नाहीत. पुरेशी नावं आली नाहीत तर मायनर बंद. म्हणून ही उठाठेव.

सुरुवात आमच्या रूममधल्या हीटिंग रॉडपासून करतो. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) पहिल्या वर्षी आमचे तीन रॉड जळाले. रूममेट दर वेळी वायरिंग तपासायचा, प्लग बदलायचा, कंपनीला शिव्या घालायचा. इलेक्ट्रिकलमध्ये कुठेच चूक नव्हती. चूक होती रॉडवरच्या पांढऱ्या थरात. तोच थर बादलीला, नळाला, मेसच्या जगलाही दिसतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे चुनखडीच, आणि ते सर्वांत गरम जागी जाऊन बसतं. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आतली कॉइल तापत राहते आणि एक दिवस तुटते. रॉड इलेक्ट्रिकलचा, मरण मात्र केमिस्ट्रीचं!

मायनरच्या पहिल्या महिन्यात आम्ही हॉस्टेलचं पाणी लॅबमध्ये नेलं. इडीटीएचं टायट्रेशन एफ.ई.ला सगळ्यांनीच केलेलं असतं. "केलेलं" म्हणजे शेजारच्या जर्नलमधून रीडिंग उतरवलेलं. या वेळी पाणी आपलं होतं, आपण रोज अंगावर घेतो ते. एरिओक्रोम ब्लॅक टी टाकल्यावर आलेला दारूसारखा लाल रंग निळा व्हायला ब्युरेट किती खाली जावं लागतं ते बघत सगळे टेबलाभोवती उभे होते. पिण्याच्या पाण्यासाठी २०१२ चं भारतीय मानक सांगतं की एकूण हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आमचं पाणी २०० च्या बरंच पुढे आणि ६०० च्या आत निघालं. साबणाला फेस का येत नाही याचा उलगडा झाला. चौथ्या रॉडला महिन्यातून एकदा लिंबूसताच्या पाण्यात बुडवायला लागलो. बुडबुडे येतात, थर जातो. तो रॉड अजून चालू आहे.

तुम्ही म्हणाल, एका रॉडसाठी १४ क्रेडिट? राज्याने २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बी.टेक.ची रचना ठरवली, त्यात एमडीएमचे १४ क्रेडिट आहेत. ते कुठेतरी घालवायचेच आहेत. प्रश्न एवढाच, की कशावर. माझं म्हणणं साधं आहे. आपल्या खान्देशात इंजिनिअरने बनवलेल्या वस्तू बऱ्याच वेळा बिघडतात त्या केमिस्ट्रीमुळे, आणि ती आपण एफ.ई.नंतर कपाटात टाकून देतो.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत जाऊन बघा. २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय मिळाला. ती केळी ड्रिपवर उभी आहे. ड्रिपचं डिझाइन म्हणजे आपला प्रांत: प्रेशर, डिस्चार्ज, पाइपचा व्यास. पण ड्रीपरचं बारीक छिद्र बंद होतं ते आमच्या रॉडवर बसतो त्याच कार्बोनेटमुळे. शेतकरी काका त्याला "क्षार धरला" म्हणतात आणि नळ्यांमधून अ‍ॅसिड सोडतात. पाण्याचा पीएच साधारण ४ पर्यंत उतरवायचा, ते पाणी नळीत थांबू द्यायचं, मग फ्लश मारायचा. किती अ‍ॅसिड लागेल हे त्या विहिरीच्या पाण्यावर ठरतं, अंदाजाने नाही. आणि अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. त्याच जड पाण्यात फॉस्फेटचं खत विचार न करता सोडलं तर कॅल्शियम फॉस्फेटचा साका तयार होतो आणि खतच छिद्र बुजवतं. हायड्रॉलिक्सचं गणित अगदी बरोबर आणि बाग तहानलेली, असं होऊ शकतं.

मेकॅनिकलवाल्यांनो, पीव्हीसी पाइप आपल्या जळगावची ओळख. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. एक्स्ट्रूडरमध्ये ते जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, माल काळा पडतो, मशीनही गंजतं. म्हणून स्टॅबिलायझर घालावा लागतो. वर्षानुवर्षं त्यात शिसं असायचं. पाण्याच्या पाइपमधून ते काढून टाकण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. उद्या शॉप फ्लोअरवर उभे राहाल तेव्हा तापमानाचं बटण तुमच्या हातात असेल. आत काय चाललंय ते कळलं तर बरं नाही का?

दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. तिथे बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातला हार्डनेस आणि सिलिका काढून टाकावी लागते, कारण सिलिका वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते. सिव्हिलवाल्यांच्या काँक्रीटमधली सळई गंजत नाही ती काँक्रीट अल्कलाइन असतं म्हणून. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की ते कवच जातं. हे सगळं आपल्या सिलॅबसमध्ये एकेका ओळीत आहे. त्या ओळीच्या मागे काय आहे ते मायनरमध्ये कळलं.

आता विरुद्ध बाजू. ती खोटी नाही.

पहिली गोष्ट, प्लेसमेंट. कंपनीवाले मायनर विचारतात का? आजवर माझ्या ओळखीच्या एकाही सीनियरला विचारलेलं नाही. एआयवाल्यांना निदान रेझ्युमेवर एक शब्द मिळतो. घरून कर्ज काढून शिकणारा मुलगा त्या शब्दाकडे बघणारच, त्याला मी नावं ठेवणार नाही. दुसरी गोष्ट, "ना धड इंजिनिअर, ना धड केमिस्ट". १४ क्रेडिटमध्ये केमिस्ट होता येत नाही, हे शंभर टक्के खरं. पण केमिस्टशी बोलता येतं, त्याला नेमका प्रश्न विचारता येतो. तिसरी गोष्ट भीतीची. बारावीतलं ऑरगॅनिक आठवून पोटात गोळा येतो. सीईटीत गणिताच्या प्रश्नाला २ मार्क आणि केमिस्ट्रीच्या प्रश्नाला १, त्यामुळे क्लासपासूनच आपण तिला धाकट्या सुनेसारखं वागवलं आहे.

बाहेरचं एकच उदाहरण देतो. जॉन गुडइनफ. डिग्री गणिताची, पीएच.डी. फिजिक्सची. १९७६ ला ऑक्सफर्डच्या इनऑरगॅनिक केमिस्ट्री लॅबचे प्रमुख झाले. तिथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड निघाला, तुमच्या मोबाइलच्या बॅटरीचा पाया. १९८६ पासून पुढे टेक्सासला इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. २०१९ ला नोबेल, तेही केमिस्ट्रीचं, वयाच्या ९७ व्या वर्षी. त्यांनी शाखांच्या भिंती मोजल्या असत्या तर आपण रात्री दोनला पिक्चर कशावर बघितला असता?

आमच्या शिक्षकांनाही हात जोडून दोन शब्द. सर, मॅडम, मुलं केमिस्ट्रीला घाबरत नाहीत, जर्नलला कंटाळतात. लॅब संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा. प्रॅक्टिकलला बाटलीतलं "सॅम्पल ए" देऊ नका, गावाकडून आणलेलं विहिरीचं पाणी घ्या. सुट्टीवरून येताना प्रत्येकाने एक बाटली आणली तर शिरपूरपासून मुक्ताईनगरपर्यंतचा पाण्याचा नकाशा एका सेमिस्टरमध्ये तयार होईल. आणि विद्यापीठाची केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था जळगावातच आहे. एखादी मोठी टेस्ट आपल्याकडे होत नसेल तर तिथे विचारून बघता येईल.

सेकंड इयरच्या मित्रांनो, सगळ्यांनी केमिस्ट्री घ्या असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या घरी ड्रिप आहे, ज्याच्या गावच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्याने फॉर्म भरायच्या आधी एकदा आमच्या रूमवर यावं. रॉड दाखवतो.

आणि तो साक्रीवाला रूममेट? मागच्या सुट्टीत घरून येताना त्याने वडिलांच्या विहिरीचं पाणी आणलं. दोन लिटरची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बघ रे भो, यामा काय शे ते."